रस्ता कोणाचा, पाणी कोणाचे

देवगड तालुक्यातल्या एका वाडीतून ताईंचे लांबलचक पत्र आले आहे. त्यांच्या वाडीचा तीन किलोमीटरचा रस्ता दर पावसाळ्यात उखडतो. ग्रामपंचायत म्हणते रस्ता बांधकामचा, बांधकामवाले म्हणतात आमचा नाही. रस्ता खराब म्हणून संध्याकाळची वस्तीची, म्हणजे रात्री गावातच मुक्कामाला थांबणारी एसटी गेल्या वर्षापासून येत नाही. भावाला राज्य मार्गालगतच्या कलमांच्या बागेत पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधायच्या आहेत आणि त्यासाठी रस्त्याच्या बाजूला नवे फाटक करायचे आहे. घाट बंद झाल्याचे घरातून निघण्याआधी कसे कळावे, आणि महामार्गात गेलेल्या सामाईक जमिनीचे पैसे अडकले आहेत त्याचे काय, हेही त्यांनी विचारले आहे.

मी सार्वजनिक बांधकाम खात्यात ३४ वर्षे नोकरी केली. कनिष्ठ अभियंता म्हणून राजापुरात लागलो, उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. मधली वर्षे लांजा, वैभववाडी आणि देवगडात गेली. असले अर्ज दर जूनला माझ्या टेबलावर यायचे आणि त्यातले बरेचसे चुकीच्या टेबलावर आलेले असायचे. माणूस बिचारा कामाचा खाडा करून, दोन गाड्या बदलून यायचा. त्याचा अर्ज आम्ही ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ दुसऱ्या कार्यालयाला पाठवायचो आणि तो तिथे पोचून कोणी उघडेपर्यंत दिवाळी यायची. म्हणून रस्ता कोणाचा, इथूनच सुरुवात करतो.

आपल्याकडे रस्त्यांची उतरंड ठरलेली आहे. राष्ट्रीय महामार्ग, मग प्रमुख राज्य मार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, त्याखाली इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. आता ताई, तुमचा घोळ कुठे झाला असावा ते सांगतो. ‘बांधकाम’ या एकाच नावाची दोन वेगळी कार्यालये आहेत. ग्रामसेवक ‘रस्ता बांधकामचा’ म्हणाले तेव्हा त्यांना जिल्हा परिषदेचे बांधकाम म्हणायचे असणार. तुम्ही गेलात राज्याच्या बांधकाम खात्यात, आणि तिथल्या माणसाने ‘आमचा नाही’ म्हटले. दोघेही खरेच बोलले. तीन किलोमीटर आत वाडीपर्यंत जाणारा रस्ता बहुतेक ग्रामीण मार्ग असतो, फार तर इतर जिल्हा मार्ग. त्याचा अर्ज पंचायत समितीच्या आवारात जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागाचे उपअभियंता बसतात त्यांच्याकडे द्यायचा.

वाटेवर ओळखायची खूण म्हणजे किलोमीटरचा दगड. डोके पिवळे असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवे असेल तर राज्य मार्ग, नारिंगी असेल तर ग्रामसडक योजनेतला रस्ता. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला रस्ता असेल तर काम संपल्यापासून पाच वर्षे देखभाल त्याच ठेकेदाराकडे असते, हे बहुतेक गावांना माहीतच नसते. मुंबई-गोवा महामार्गाची गोष्ट जरा वेगळी. पूर्वीचा १७ नंबर, आता राष्ट्रीय महामार्ग ६६. पनवेलपासून रायगडातल्या इंदापूरपर्यंत तो राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आहे. इंदापूरच्या पुढे झारापपर्यंतचे चौपदरीकरण बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेने केंद्राच्या वतीने हाती घेतले. त्यामुळे माणगावच्या पुढच्या खड्ड्याची तक्रार प्राधिकरणाकडे करून उपयोग नाही आणि वडखळच्या खड्ड्याबद्दल आमच्या उपविभागात येऊन भांडण्यातही अर्थ नाही. रेवस-रेडी सागरी महामार्गावर नवीन पुलांची कामे राज्य रस्ते विकास महामंडळ करते. आणि दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळच्या फेरीबोटीबद्दल काही म्हणणे असेल तर ते महाराष्ट्र सागरी मंडळाकडे. रस्ता खाडीपाशी संपतो तिथे आमची हद्दही संपते.

जिल्हा परिषदेत गेल्यावर पहिला प्रश्न एकच विचारा: आमच्या रस्त्याला क्रमांक आहे का? रस्ते विकास योजनेत ज्याला क्रमांक मिळाला तोच रस्ता सरकारच्या लेखी रस्ता. कोकणात कितीतरी वाड्यांचे रस्ते श्रमदानातून झाले. लोकांनी दगडी गडगे मागे घेतले, आंब्याची कलमे तोडली, पायऱ्यांच्या पाखाडीची वाट गाडीची केली, पण तो रस्ता वहीत कधी चढलाच नाही. असा रस्ता असेल तर खड्ड्याच्या अर्जाआधी ग्रामसभेचा ठराव करून क्रमांक मिळवण्याच्या मागे लागा. त्यात वेळ जातो, पण त्याशिवाय खर्च टाकायला अधिकाऱ्याकडे जागाच नसते.

अर्ज कसा लिहावा यावरही बरेच अवलंबून असते. ‘आमच्या गावचा रस्ता अत्यंत खराब झाला असून’ असे लिहिलेले शेकडो अर्ज मी वाचले आहेत. त्यावर कारवाई काय करायची हे वाचणाऱ्याला उमगत नाही. आमच्या खात्यात रस्त्यावरची जागा साखळीने सांगतात. किलोमीटरच्या दगडापासून पुढे किती मीटर, तो साखळी क्रमांक. तुम्ही असे लिहा: ‘ग्रामीण मार्ग क्रमांक अमुक, कि.मी. १/४०० ते १/७००, डोंगराकडची बाजू, गटार मातीने भरले आहे, मोरीचे तोंड बुजले आहे, रस्त्यावर पाच खड्डे.’ मोरी म्हणजे रस्त्याखालून पाणी जायची वाट. सोबत दोन फोटो. हा कागद हातात पडला की शाखा अभियंता थेट त्या जागेवर जाऊ शकतो आणि ‘जागा सापडली नाही’ असे उत्तरही देऊ शकत नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ऑनलाइन करायचे असेल तर ‘आपले सरकार’वर तक्रार नोंदवता येते, तिथेही साखळी लिहाच.

आता पाण्याकडे येतो. तुमच्या पत्रात गटार हा शब्द एकदाही नाही आणि माझ्या मते सगळे दुखणे तिथेच आहे.

कोकण किनाऱ्यावर चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. वर आंबोलीला सात हजारांच्याही पुढे जातो. डांबर ऊन सोसते, पाणी सोसत नाही. रस्त्याच्या कडेला पाणी तुंबून राहिले की ते चिरांमधून खालच्या खडीच्या थरात शिरते. वरून गाडीचे चाक गेले की अडकलेल्या पाण्यावर दाब येतो आणि ते खडीवरचा डांबराचा पापुद्रा सोलून काढते. एकदा डांबर सुटले की खडी मोकळी होते. चार दिवसांत वाटीएवढा खड्डा, पंधरा दिवसांत परातीएवढा. बिघाड सुरू होतो खालून, आपल्याला वरचा खड्डा तेवढा दिसतो. त्यात आपली तांबडी माती ओली झाली की लोण्यासारखी मऊ पडते. सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळ पठारावरून धावत येणारे पाणी गटार सापडले नाही की सरळ रस्त्यावरून वाट काढते. जुलैत तर डोंगर कापलेल्या बाजूने आतून पाझर फुटतात, आणि पाऊस उघडला तरी ते आठ-आठ दिवस चालू राहतात.

वैभववाडीला असताना माझ्या हाताखाली एक जुने मैलकुली होते. मैलकुली म्हणजे ठरलेल्या काही किलोमीटरचा रस्ता रोज पायी चालून राखणारा माणूस, खांद्यावर कुदळ आणि खोरे. मी नवीन, खड्ड्यांचे मोजमाप घेत होतो. ते म्हणाले, “सायब, रस्तो मगे बघा. आधी पाणी खंय जाता ता बघा.” आणि मला घेऊन वर डोंगरात शंभर पावले चढले. तिथे कोणी तरी नवीन बांध घालून वहाळाचे पाणी वळवले होते. ते आमच्या मोरीपर्यंत न येता अलीकडेच रस्त्यावर उतरत होते. तो बांध दोन तासांत मोकळा केला. त्या वर्षी त्या जागी पुन्हा खड्डा पडला नाही. त्यानंतर कुठल्याही रस्त्याची पाहणी करताना मी आधी पाण्याची वाट शोधत आलो. पुढे मैलकुली निवृत्त होत गेले. माझ्या उपविभागात त्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत आणि मोऱ्यांची तोंडे साफ करणारे हात कमी झाले. यंत्राने गटार वर्षातून एकदा मारून निघते. भर पावसात मध्यरात्री अडकलेला ओंडका यंत्र काढत नाही. याचे मला आजही फार वाईट वाटते.

म्हणून मेच्या पहिल्या आठवड्यात वाडीतल्या दोघा-चौघांनी रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जा. प्रत्येक मोरी दोन्ही बाजूंनी वाकून पाहा, आरपार उजेड दिसला पाहिजे. साईडपट्टी, म्हणजे डांबराच्या कडेची पट्टी, रस्त्यापेक्षा उंच झाली आहे का ते बघा. गवत आणि माती साचून ती उंच होते आणि पाणी रस्त्यावरच अडवून धरते. हे सगळे साखळीसकट लिहून मेमध्येच उपविभागात द्या. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला की कामे थांबतात.

‘पावसात खड्डे का भरत नाहीत’ याचे उत्तरही यातच आहे. ओल्या खडीला गरम डांबर धरत नाही. पावसात टाकलेले डांबर दुसऱ्या सरीला निघून जाते आणि पैसाही गेला, रस्ताही गेला अशी गत होते. त्या दिवसांत खडी-मुरूम भरून दाबणे, पेव्हर ब्लॉक बसवणे किंवा थंड मिश्रण वापरणे एवढेच करता येते आणि ते तात्पुरतेच असते. कायमची दुरुस्ती ऑक्टोबरनंतर. ती नीट चालली आहे का हे तुम्हीही तपासू शकता. खड्ड्याच्या कडा चौकोनी आणि उभ्या कापल्या का? आतली माती, धूळ झाडून काढली का? भरण्याआधी डांबराचा पातळ हात मारला का? वरून रोलर फिरला का? चारांपैकी एक जरी चुकले तरी तो खड्डा पुढच्या वर्षी त्याच जागी भेटतो. उभे राहून बघायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, कोणी हटकले तरी शांतपणे बघत राहा.

आणि काम सुरू होते त्या दिवशी जागेवरच्या फलकाचा फोटो काढून ठेवा. कामाचे नाव, किंमत, ठेकेदार, काम पूर्ण करण्याची तारीख आणि दोष दायित्व कालावधी त्यावर लिहिलेला असायला हवा. त्या कालावधीत रस्ता खराब झाला तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा असतो. पावसाळा झाला की फलक पडतो, हरवतो आणि मग कोणालाच काही आठवत नाही. फलकच नसेल तर माहिती अधिकारात दहा रुपयांच्या शुल्कावर अर्ज करा, करारातल्या दोष दायित्वाच्या कलमाची आणि मोजमाप पुस्तकाच्या पानांची प्रत मागा. उत्तराची मुदत ३० दिवस. मोजमाप पुस्तकात किती जाडीचा थर कुठपासून कुठपर्यंत टाकला ते लिहिलेले असते. टेप घेऊन रस्त्यावर ताडून बघता येते.

वाडीच्या रस्त्यावरून चिऱ्यांचे डंपर जातात असे तुम्ही ओझरते लिहिले आहे. ती ओझरती गोष्ट नाही. रस्त्याची झीज चाकावरच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. आसावर वीस टक्के जादा वजन आले तर झीज जवळजवळ दुप्पट, वजन दुप्पट झाले तर झीज सोळा पट. ग्रामीण मार्गाचा थर हलक्या वाहतुकीसाठी बेतलेला असतो. भरून वाहणारा डंपर दिवसातून दहा वेळा गेला तर कितीही चांगले डांबर असले तरी टिकणार नाही. चिरेखाणीचा परवाना तहसील कार्यालयातून चालतो, जादा वजनाची कारवाई परिवहन खाते करते. ग्रामपंचायतीने ठराव करून दोन्हीकडे द्यावा. गावातल्याच माणसाची खाण असते, त्यामुळे हा ठराव करणे जड जाते, हे मला माहीत आहे.

भावाच्या फाटकाबद्दल. राज्य मार्गाच्या हद्दीत फाटकाची वाट काढायला कार्यकारी अभियंत्यांची लेखी परवानगी लागते. रस्त्याची हद्द डांबरापाशी संपत नाही. साईडपट्टी, गटार आणि त्यापलीकडची काही पट्टीही रस्त्याचीच असते, आणि महाराष्ट्र महामार्ग अधिनियम, १९५५ खाली तिथले अतिक्रमण काढता येते. शिवाय रस्त्याच्या मध्यापासून मोजलेली इमारत रेषा असते. तिच्या आत बांधकाम चालत नाही. खोल्यांचा पाया खणण्याआधी त्या रस्त्याला ती रेषा किती मीटरवर आहे हे उपविभागातून लेखी घ्या, शेजाऱ्याच्या घरावरून अंदाज बांधू नका; त्याचे घर कदाचित रस्ता रुंद होण्याआधीचे असेल.

परवानगीत मुख्य अट गटारात टाकायच्या नळाची, म्हणजे पाणी पुढे जाऊ देणाऱ्या मोठ्या पाइपची असते आणि ती टाळायचा मोह सगळ्यांना होतो. माझ्या शेवटच्या उपविभागात एका बागायतदाराने गाडी आत घेता यावी म्हणून गटारात चिरे आणि माती भरून रातोरात उतरण केली. कोणाला सांगितले नाही, नळ टाकला नाही. जुलैच्या एका रात्री वरचे सगळे पाणी तिथे अडले, रस्त्यावर चढले आणि पलीकडची भरावाची बाजू घेऊन गेले. सकाळी साठ-सत्तर मीटर रस्ता अर्धा उरला होता. दूधवाला मोटारसायकलसकट खाली गेला. वाचला, पण पाय कायमचा अधू झाला. त्या बागायतदाराचा काही वाईट हेतू नव्हता. पाणी येऊन जाऊन किती येणार, असे त्याला वाटले, बस. तुमच्या भावाला सांगा, नळ किमान ६०० मिलिमीटर व्यासाचा टाका. लहान नळ पालापाचोळ्याने एका पावसात भरतो आणि साफही करता येत नाही. फाटक वळणावर किंवा चढाच्या माथ्यावर नको, दोन्ही बाजूंची गाडी लांबून दिसली पाहिजे. आणि फाटक रस्त्यापासून इतके आत घ्या की ते उघडेपर्यंत गाडी डांबरावर उभी राहणार नाही.

सामाईक जमिनीच्या पैशांबद्दल मी महसूल खात्याचा माणूस नसल्याने थोडक्यात सांगतो. राष्ट्रीय महामार्गाचे भूसंपादन १९५६च्या कायद्याखाली होते आणि सक्षम प्राधिकारी बहुधा प्रांताधिकारी असतात. कोकणात सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावे, त्यातले निम्मे हिस्सेदार मुंबईत, काही वारलेले आणि वारस नोंद नाही. पैसे इथे अडकतात. वाटपाबद्दल हिस्सेदारांत वाद असला तर प्रांत तो वाद दिवाणी न्यायालयाकडे पाठवू शकतात आणि मग वर्षे जातात. मोबदला कमी वाटत असेल तर लवादाकडे जायची तरतूद त्याच कायद्यात आहे. पण आधी वारस नोंदी लावून घ्या आणि सगळ्या हिस्सेदारांचे संमतिपत्र गणपतीत चाकरमानी घरी असताना करून घ्या. सगळी माणसे एका छपराखाली पुन्हा वर्षाने येणार.

आता घाट. दरड का येते हे कळले की घाटात कधी जाऊ नये हेही कळते. सह्याद्रीच्या उतारावर मातीत रुतलेले मोठाले धोंडे आहेत. पाणी मुरून माती जड आणि सैल होते. त्यातच रस्ता रुंद करताना डोंगराचा पायथा कापलेला असेल तर वरचा भार धरायला खाली काही उरत नाही. चिपळूणजवळच्या परशुराम घाटात चौपदरीकरणाच्या वेळी हेच सगळ्यांनी पाहिले, २०२२ मध्ये तिथली वाहतूक ठरावीक तासांसाठी बंद ठेवावी लागली होती. घाटात शिरल्यावर रस्त्यावर ताजी तांबडी माती, बारीक दगड घरंगळताना दिसले, एरवी स्वच्छ असणारा झरा गढूळ झाला, झाडे रस्त्याकडे नव्याने कललेली दिसली, तर तिथे थांबू नका, फोटो काढू नका, मागे फिरा. मोठी दरड येण्याआधी डोंगर असाच बोलतो. सलग दोन दिवस मुसळधार झाली असेल तर पाऊस थांबल्यावरचा दिवसही धोक्याचाच धरा.

निघण्याआधी जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ वर फोन करा. कोल्हापूरच्या बाजूला जायचे तर एकापेक्षा जास्त वाटा डोक्यात ठेवा. वैभववाडीवरून करूळ आणि भुईबावडा, कणकवलीवरून फोंडा, राजापुरावरून अणुस्कुरा, रत्नागिरीवरून आंबा. २०२४ मध्ये करूळ घाट रुंदीकरणासाठी बंद होता तेव्हा फोंडा आणि भुईबावड्यावर किती ताण आला ते तुम्ही अनुभवलेच असेल. भुईबावडा अरुंद आहे, रात्री धुक्यात तो टाळावा. फोंड्याने वळसा पडला तरी मी तोच घेईन.

पुलांचे तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात गेला आणि त्याबरोबर दोन एसटी गाड्या गेल्या. जयगडहून आणि राजापुरातून मुंबईकडे निघालेल्या. त्या गाड्यांतली माणसे आमच्याच गावांतली होती. अंधारात चालकाला पुढे पूल नाही हे दिसणे शक्यच नव्हते. नवीन पूल २०१७च्या पावसाळ्याच्या तोंडावर सुरू झाला. त्या रात्रीपासून एक गोष्ट मी प्रत्येक गावात सांगत आलो: जुन्या दगडी पुलाच्या सांध्यात वड-पिंपळ उगवला असेल, खांबाच्या बुडाशी खड्डा पडून पाया उघडा दिसत असेल, कठड्याची रेघ वाकडी झाली असेल, तर उन्हाळ्यात फोटोसह लेखी कळवा. पुलाचा पाया खालून उकरला जातो आणि वरून गाडीत बसलेल्याला काहीच कळत नाही. नदीत कपडे धुणाऱ्या बाईला, मासे पकडणाऱ्या पोराला ते आधी दिसते. पुलावरून पाणी वाहत असेल तर समोरचा गेला म्हणून आपण जायचे नाही. पाण्याखाली रस्ता उरला आहे की नाही हे त्यालाही ठाऊक नसते.

बाकीचे पटापट सांगतो. शाळेसमोर गतिरोधक हवा असेल तर गावाने स्वतः घालू नये; अर्ज द्यावा, तो जिल्हा रस्ता सुरक्षा समितीपुढे जातो. नियमाचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्ये १० सेंटिमीटर उंच, पाठ गोल. गावठी उंचवट्यांवर दुचाकीवरून मागे बसलेल्या बायका पडतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. टोलनाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहत असाल तर राष्ट्रीय महामार्गावर खासगी गाडीसाठी सवलतीचा मासिक पास मिळतो. गणपतीत कोकणात येणाऱ्या गाड्यांना टोलमाफीचे पास परिवहन कार्यालयात आणि पोलीस ठाण्यांत देतात, त्याची घोषणा दरवर्षी स्वतंत्र होते. अपघात दिसला तर १०८ किंवा ११२. राष्ट्रीय महामार्गावर १०३३. मदत करणाऱ्याला पोलीस चौकशीत अडकवता येत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने १३४-अ कलम आले ते यासाठीच. त्यामुळे घाबरून पुढे निघून जाऊ नका.

शेवटी तुमची एसटी. तिकिटातल्या सवलतींबद्दल वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांना नीट सांगा. ७५ वर्षांपुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत, ६५ ते ७५ पर्यंत अर्धे तिकीट, आणि १७ मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांना अर्धे. वयासाठी आधार कार्ड जवळ हवे. सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच आहे, पणजीला जाणाऱ्या गाडीत हद्दीपलीकडचे पूर्ण भाडे द्यावे लागते. यावरून वाहकाशी वाद घालू नये, तो नियमाने वागत असतो.

बंद झालेली फेरी पुन्हा सुरू करण्याचा अर्ज देवगडच्या आगार व्यवस्थापकांकडे द्यायचा, प्रत कणकवलीच्या विभाग नियंत्रकांना. नुसते ‘गाडी सुरू करा’ लिहू नका. ग्रामपंचायतीचा ठराव जोडा, त्यात किती शाळकरी मुले पास काढतात, संध्याकाळी बाजारातून परतणारी माणसे किती, सकाळच्या परतीच्या फेरीला कॉलेजला आणि तालुक्याच्या दवाखान्यात जाणारे किती, हे खरे आकडे टाका. फुगवू नका, पहिल्या महिन्याच्या तिकिटांवरून ते उघडे पडतात. वस्तीच्या गाडीला आणखी एक बाजू असते: चालक-वाहकांना रात्री राहायला कोरडी खोली, पाणी आणि शौचालय लागते. आमच्याकडच्या अनेक वस्तीच्या फेऱ्या रस्त्यापेक्षा या कारणानेच बंद पडल्या, पण ते कोणी उघड बोलत नाही. शाळेची किंवा देवळाची खोली ग्रामपंचायतीने नीट करून दिली आणि ठरावात तसे लिहिले तर अर्ध्याहून जास्त काम होते.

आगाराचा माणूस रस्ता बघायला येतो तेव्हा तो डांबर बघत नाही. तो बघतो मोरीवरून गाडीची चाके बसतात का, समोरून रिक्षा आली तर बाजू घ्यायला साईडपट्टी पक्की आहे का, आंब्या-फणसाच्या फांद्या टपाला लागतात का, आणि शेवटच्या थांब्यावर गाडी वळवायला जागा आहे का. फांद्या आणि वळणाची जागा हे काम वाडीच्या हातात आहे, ते पाहणीआधी करून टाका. रस्त्याच्या हद्दीतले झाड तोडायला परवानगी लागते, तेव्हा आपल्या बागेतल्या बाहेर आलेल्या फांद्यांनाच हात लावा. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव घ्या, पाऊस उघडल्यावर जिल्हा परिषदेचा शाखा अभियंता आणि आगाराचा माणूस दोघांना एकाच दिवशी बोलवा, म्हणजे एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवायला जागा राहत नाही. आणि जमले तर पूर्वी ती वस्तीची गाडी घेऊन येणाऱ्या चालकालाही बोलवा. कुठल्या मोरीवर मागचे चाक घसरते आणि कुठल्या वळणाला गाडी दोनदा मागे घ्यावी लागते हे त्याला आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक असते.